आठाचा तीन

पडद्यावर फोटो मोठा केला आणि तिनाचा आठ झाला.

तसं पाहिलं तर फार काही घडलं नव्हतं. चहा अर्धा राहिला होता. शेजारच्या टेबलावर चित्रांचा विभाग सांभाळणारा सहकारी फोनवर कुणाशी तरी चौकटीच्या लांबीरुंदीवरून हुज्जत घालत होता, आणि खिडकीखाली एक ट्रक पिंपिं करत मागे येत होता. लिलावघराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या जागेवर बसून ती काल पाहून आलेल्या एका जुन्या फ्रेंच घड्याळाचा अहवाल लिहायला घेत होती. घड्याळं हाच तिचा विषय. घड्याळ कुणी बनवलं, कधी बनवलं, त्यातलं मूळ किती आणि मागाहून घुसडलेलं किती, हे सांगायचे तिला पैसे मिळत. लंबकाच्या मागच्या बाजूला ठोकलेला आकडा काल तिने नुसत्या डोळ्यांनी वाचला होता, आणि त्यातला शेवटचा अंक इंग्रजी तीन होता. यंत्राच्या मागच्या पत्र्यावरही तोच आकडा होता, पण शेवटी आठ. आता फोटोत त्या तिनाच्या डाव्या अंगाला, काळ्या मळाच्या थराखाली, दोन बारीक कमानी दिसत होत्या. तीन हा तीन नव्हताच. तो अर्धा बुजलेला आठ होता. तिने फोटो लहान केला, पुन्हा मोठा केला, मान तिरकी करून पाहिला. आठ. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं. तिने सवयीने कप उचलला, आणि चहा गार झालाय हे कळूनही सगळा पिऊन टाकला.

आकडा जुळला की सगळंच जुळत होतं. पॅरिसच्या त्या कारखान्यांमधून घड्याळ बाहेर पडताना यंत्रावर आणि लंबकावर एकच आकडा ठोकत. दोन्ही आकडे सारखे, म्हणजे जन्मापासूनची जोडी. वेगळे, म्हणजे कुणीतरी कुठूनतरी काहीतरी आणून बसवलेलं. काल आकडे वेगळे आहेत असं एकदा मनाने घेतल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या होत्या, भांडणात शेजारी उभे राहतात तशा. तबकडीवर ज्या कारागिराचं नाव होतं तो या घाटाची घड्याळं निघायच्या आधीच वारला होता; म्हणजे नाव खोटं. पुढच्या पत्र्यात दोन जादा भोकं होती. म्हणजे तबकडी दुसऱ्याची. खरं तर तो कारागीर वारल्यावर त्याच्या बायकोने कितीतरी वर्षं त्याच नावाने कारखाना चालवला, हे तिला पाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आणि जादा भोकं तर कारागीर मोजमाप चुकला की स्वतःच पाडून ठेवतो. हे सगळं काल तिच्या डोक्यात होतं, फक्त पुढे आलं नाही. पुढे आलं ते तिचं वाक्य. "लंबक एका घड्याळाचा, यंत्र दुसऱ्याचं, आणि नाव तिसऱ्याचंच." वाक्य छान झालं होतं. तोंडातून निघतानाच ते छान झालंय हे तिला जाणवलं होतं, आणि आत्ता, कप खाली ठेवताना, तिला आकड्यापेक्षा त्या जाणवण्याचीच शरम वाटली.

कालचं ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खोल्यांमधून पुठ्ठ्याची खोकी रचलेली. नवराबायको दोघंच, दोघंही म्हातारी, आता मुलाच्या घराजवळच्या लहान जागेत राहायला जाणार होती, म्हणून मोठ्या वस्तू विकायला काढल्या होत्या. म्हातारे गृहस्थ आयुष्यभर समुद्राचे नकाशे काढायच्या कचेरीत होते. बोटं अजून सरळ, नखं नीट कापलेली. तिच्या येण्यासाठी म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलेला. घड्याळावरची काचेची घुमटी त्यांनी स्वतः उचलली, बायकोला हात लावू दिला नाही. आत मुलामा दिलेल्या पितळी बैठकीवर एक बाई हनुवटी हातावर टेकून पुस्तक वाचत बसली होती आणि तिच्या शेजारी, जणू तिला त्याचं काहीच नाही अशा थाटात, घड्याळ चाललं होतं. लंबक रेशमी दोऱ्यावर लोंबत होता. "आमच्या वडिलांना त्यांच्या साहेबांनी जाताना दिलं," गृहस्थ म्हणाले, आणि मग तबकडीवरचं फ्रेंच नाव त्यांनी उच्चारून दाखवलं, खूपदा घोकल्यासारखं, एका अक्षराने चुकीचं. तिने ते लगेच दुरुस्त केलं. त्यांनी मान डोलावली आणि मनाशी पुटपुटत नवा उच्चार म्हणून पाहिला. "त्या पुतळीच्या गुडघ्यावरचं सोनं उडालंय ना, ते माझ्यामुळे हो," त्यांची बायको मागून म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा लिंबू लावून घासलं मी. मला काय माहीत!" "चाळीस वर्षं ऐकतोय," गृहस्थ म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "तुम्हाला काय, तज्ज्ञ माणसं, नुसत्या नजरेने कळत असेल."

लिलावघरात तिला सगळे पाठीमागे 'भिंग' म्हणत. तोंडावरही म्हणत, कधीमधी. ती भिंगाशिवाय पोस्टाचं तिकीटसुद्धा बघत नाही म्हणून. ते भिंग काल पिशवीत, हाताच्या अंतरावर होतं. पिशवीची चेन उघडायला कितीसा वेळ लागला असता? पण गृहस्थांच्या त्या वाक्यानंतर भिंग काढणं म्हणजे जादूगाराने प्रेक्षकांकडे चष्मा मागण्यासारखं झालं असतं. ती वाकली, नुसत्या नजरेने पाहिलं, आणि नुसत्या नजरेने तिला कळलं.

"म्हणजे खोटं?" गृहस्थांनी विचारलं होतं.

"खोटं असं नाही. जोडकाम."

"खोटंच की मग."

ते घुमटी हातात धरून उभे होते. मग हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, आणि मग ते हसणं इतकं लांबलं की बायको म्हणाली, "अहो, पुरे." "एवढ्यासाठी!" ते म्हणाले. "ऐकलंस का? एवढ्यासाठी!" कशासाठी, ते तिने विचारलं नाही. तिला पुढच्या कामाला जायचं होतं. जिना उतरताना ती गुणगुणत होती, हे तिला आज नेमकं आठवलं.

दुपारी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन तिने सांगितलं. ते शांत स्वभावाचे, सगळ्या गोष्टींकडे फाईल म्हणून बघणारे. "अहवाल गेलाय का?" त्यांनी विचारलं. नाही. "मग झालंय काय? बरोबर लिहा आणि पाठवा. तोंडी मत हे तोंडी मत." "पण मी त्यांना खोटं म्हणून सांगितलं." "आता खरं म्हणून सांगा. आनंदच होईल ना त्यांना? लोकांना उलटं सांगावं लागतं तेव्हा अडचण असते." ते हसले. तीही हसली. खोलीबाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण माफी मागायला आत गेलो होतो, आणि माफी मागण्यासारखं काही नाहीच असं सांगून त्यांनी आपल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. कागदावर काहीच नव्हतं. कुणाला कधीच कळणार नव्हतं. एक फोन, दोन वाक्यं, आणि म्हातारे गृहस्थ खूश. तिने नंबर काढून समोर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तसाच समोर राहिला.

माझं चुकलं, हे दोन शब्द तिच्या माहेरी कुणी उच्चारलेले तिने ऐकले नव्हते. वडील शाळेत गणित शिकवत. घरातसुद्धा ते हातात खडू असल्यासारखे वावरत. वाण्याची बेरीज, आत्याच्या पत्रातला ऱ्हस्वदीर्घ, पाहुण्यांनी सांगितलेल्या गोष्टीतली साल, सगळ्याखाली त्यांची रेघ पडायची. त्या घरात चूक म्हणजे चोरीपेक्षा थोडीशीच बरी. एकदा त्यांचं शाईपेन हरवलं. तिनेच घेतलं असणार म्हणून तिला जेवताना ताटावरून उठवलं होतं, आणि ती गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत होती. दुसऱ्या दिवशी पेन त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. कुणी काही बोललं नाही. आईने बटाटे चिरताना वर पाहिलंसुद्धा नाही. फक्त शाळेत दप्तर उघडल्यावर तिला त्यात ते पेन दिसलं, वडिलांचंच, टोपणाला त्यांच्या दातांच्या खुणा असलेलं. त्यांनी ते तिला देऊन टाकलं होतं. ती ते पेन खूप दिवस वापरत होती आणि मनात म्हणत होती, बाबांनी माफी मागितली. पण त्यांनी मागितली नव्हती. पेन दिलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला पुढे लग्नानंतर कळलं, कारण नवरा दिवसातून वीसदा 'सॉरी' म्हणणारा निघाला. दाराला धडकला तरी दाराला सॉरी म्हणणारा. त्या रात्री जेवताना तिने त्याला घड्याळाचं सांगितलं. "एवढंच ना? फोन कर आणि सांग," तो म्हणाला, आणि आमटी वाढून घेताना पुढे म्हणाला, "तुला चुकायची सवय नाही गं. सवय लागली की काही वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. बायकोने उचलला.

"अगंबाई, तुम्हीच का! मी आजच ह्यांना म्हणत होते, त्या बाईंचे आभार मानायला हवेत."

"कसले आभार?" ती म्हणाली. आणि मग जे सांगायला फोन केला होता ते न सांगता ऐकत राहिली.

म्हाताऱ्या गृहस्थांना एक धाकटा भाऊ होता. याच शहरात, पुलापलीकडे. वडील गेल्यापासून दोघांमध्ये बोलणं नव्हतं. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी एकाने पंख्याकडे पाहायचं आणि दुसऱ्याने बुटांकडे. कारण हे घड्याळ. धाकट्याने ते मागितलं होतं, थोरल्यांनी दिलं नव्हतं. "आणि परवा तुम्ही गेलात ना," बाई सांगत होती, "तर हे कितीतरी वेळ हसतच होते, मग एकदम गप्प झाले, आणि मग उठून फोन लावला. मला वाटलं मुलाला लावतायत. तर ह्यांनी म्हटलं, छोट्या, मी बोलतोय. मी पोळ्या लाटत होते हो, लाटणं हातातच राहिलं. तो आला की दुसऱ्या दिवशी! आजही येणार आहे. तुम्ही या ना, उद्या या, चहाला या. तुमच्यामुळे झालं सगळं."

तिने येते म्हणून सांगितलं. फोन ठेवला. आता जे सांगायचं ते फोनवर सांगण्यासारखं राहिलं नाही, असं तिने स्वतःला समजावलं. आणि समजावताना तिला हेही कळत होतं की एक दिवस मिळाला म्हणून आपल्याला बरं वाटलंय. तो सगळा दिवस ती एका गोष्टीपाशी येऊन थांबत राहिली. एका चुकीने दोन माणसं बोलायला लागली. मग ती चूक मोडायची का? आणि नाही मोडायची तर उद्या ते घड्याळ भंगाराच्या भावात कुणीतरी उचलून नेईल, घरी नेऊन लंबक पुसेल, आणि आठ बघून हसेल. तिला दोन्हीकडून आपणच दिसत होतो. जोडणाऱ्याही आपणच आणि फसवणाऱ्याही आपणच. त्यात कुठेतरी एक बारीकशी ऐट होती, आपल्या शब्दावर माणसं हलतात याची. ती ऐट तिला दिसली आणि ती आणखी ओशाळली.

दार धाकट्यानेच उघडलं. बुटका, गोल चेहऱ्याचा, डोक्यावर लोकरी टोपीचा वळ उमटलेला. टोपी कुठे होती ते आत गेल्यावर दिसलं. घड्याळावरची घुमटी काढून ठेवली होती आणि पुस्तक वाचणाऱ्या त्या पितळी बाईच्या डोक्यावर धाकट्याची टोपी होती. संगमरवरी पायावर चहाचा कप. कपाखाली ओला गोल. तिचा हात आपोआप पुढे झाला, पण मग तिने तो मागे घेतला.

"या, या," थोरले म्हणाले. त्यांनी आज इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता. दाढीही केली नव्हती, आणि तरी त्या दिवसापेक्षा ते तरुण दिसत होते. "हा माझा भाऊ. दातांच्या कवळ्या बनवतो. त्यामुळे खोट्याला तो घाबरत नाही."

"आमचं खोटं निदान रोज धुतात तरी," धाकटे म्हणाले.

दोघं हसले. त्यांचं हसणं सारखं होतं, आधी नाकातल्या नाकात. थोरल्यांची बायको बशा मांडत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती, दिव्याकडे सरळ बघत नाहीत तशी.

"वहिनी, तुम्ही बसा आधी," धाकटे म्हणाले.

"बसते रे. किती वर्षांनी म्हणतोयस ते."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. आता सांगायचं, बिस्किट घ्यायच्या आधी. तिने बोलायला तोंड उघडलं आणि थोरले म्हणाले, "ह्यांच्यासमोरच सांगतो पुन्हा. ह्यांच्यामुळेच तर सुटलो." मग त्यांनी सांगितलं. वडील शेवटच्या आजारात होते, धाकटा तेव्हा कामासाठी परगावी होता. वडिलांनी थोरल्यांना जवळ बोलावून सांगितलं, घड्याळ छोट्याला दे. किल्ली तोच नीट देतो. थोरल्यांनी हो म्हटलं. आणि मग वडील गेले, धाकटा आला, त्याने विचारलं, बाबा घड्याळाबद्दल काही म्हणाले का? थोरले म्हणाले, नाही. "नाही म्हणालो," ते म्हणाले. "तेव्हा मला वाटलं, पॅरिसचं घड्याळ, एवढ्या मोठ्या नावाचं, आणि हा त्याच्या कवळ्यांच्या खोलीत प्लास्टरच्या पसाऱ्यात ठेवणार. मी थोरला. माझ्याकडे शोभेल. असंच वाटलं. मग रोज ते टोल द्यायचं आणि मला वाटायचं, करतंय चहाडी. आणि निघालं काय, तर जोडकाम! बाबांनी मला जोडकाम छोट्याला द्यायला सांगितलं होतं आणि मी त्यासाठी—" ते पुन्हा हसायला लागले, पण डोळे पुसावे लागले. धाकट्यांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "जाऊ दे रे दादा. भंगारासाठी काय भांडायचं."

तिला खोली एकदम फार उजेडाची वाटली. खोक्यांवर शाईने लिहिलेली अक्षरं, भांडी, पुस्तकं, हिवाळी कपडे, सगळी ठळक दिसत होती. बिस्किट हातात मऊ झालं. हे तिला माहीत नव्हतं. ती समजत होती, दोन भाऊ एका वस्तूवरून भांडले, वस्तू फुकाची निघाली, भांडण मिटलं. पण इथे एकाने दुसऱ्याचं घेतलं होतं, आणि ज्याचं घेतलं त्याला काय घेतलं ते तिने चुकीचं सांगितलं होतं. थोरल्यांची चोरी तिने दोन मिनिटांत, नुसत्या नजरेने, फुकाची करून टाकली होती. तिला वडिलांचं पेन आठवलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी समजल्यासारखं वाटलं असतं. पण तिला काहीच आठवलं नाही. ती उठली, घड्याळापाशी गेली. कप उचलून खाली ठेवला, ओला गोल रुमालाने पुसला. लोकरी टोपी काढून धाकट्यांच्या हातात दिली. मग पिशवीतून भिंग काढलं, लंबक दोन बोटांनी थांबवला, रुमालाच्या कोरड्या टोकाने त्याची पाठ हळूच पुसली. मळ निघाला. आठ उभा होता, दोन पूर्ण वाटोळ्या घरांचा, धडधडीत.

"काय," थोरल्यांनी मागून विचारलं, "अजून खोटंच ना?"

त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं. परीक्षेचा निकाल पुन्हा पुन्हा बघणाऱ्या मुलासारखं. तिने लंबक सोडला. तो दोनचार वेळा अडखळला आणि चालू लागला.

"घड्याळ सुंदर आहे," ती म्हणाली.

"ते आहेच," बाई म्हणाली. "गुडघा सोडून."

सगळे हसले, आणि तेवढ्यात ती वेळ निघून गेली. पुढे चहा झाला. थोरल्यांनी जाहीर केलं की हे भंगार आता विकायचं नाही, पुढच्या आठवड्यात टेम्पोतून छोट्याकडे जाणार, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. तुमचा अहवाल नको आता, उगीच तुम्हाला त्रास. ती बरं म्हणाली. निघाले म्हणाली. दारापर्यंत बाई आली आणि तिने तिचा हात दोन्ही हातांत धरला. तो सोडवून घेताना तिला आपण पाकीट मारून निघालोय असं वाटलं.

"मीही उतरतो," धाकटे म्हणाले. "बस बघायला हवी."

जिन्यात ते पुढे होते. एका हाताने कठडा धरून, हळूहळू. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारात ओल्या चपला उलट्या उभ्या करून ठेवल्या होत्या. पहिल्या मजल्यावर रेडिओ लागला होता. ती मनात वाक्य जुळवत होती. खाली पोचल्यावर सांगू. फाटकाबाहेर सांगू. खाली आल्यावर ते फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर टेकले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "घड्याळ खरं आहे ना?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दादाने विचारलं, खोटंच ना? तुम्ही म्हणालात, सुंदर आहे. आमच्याकडेही कवळी नीट बसली नाही की आम्ही म्हणतो, रंग मात्र छान जमलाय."

"खरं आहे," ती म्हणाली. "सगळं मूळचं आहे. नावही खरं आहे. मी आकडा चुकीचा वाचला. भिंग होतं पिशवीत, काढलं नाही." आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा, "माझं चुकलं."

समोरून एक बाई पिशव्या घेऊन गेली, एका पिशवीतून पालेभाजीची पानं बाहेर आलेली. ते त्या पानांकडे बघत राहिले, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

"बाबा म्हणाले होते तर," ते म्हणाले. "किल्ली तोच नीट देतो. मला हे कळायला इतकी वर्षं लागली." मग थोड्या वेळाने, "मी मघाशी काय म्हणालो, ऐकलंत ना? भंगारासाठी काय भांडायचं. त्याने माफी स्वस्तात मागितली आणि मीही स्वस्तात देऊन टाकली. आता ती परत कशी मागू?"

"मी वर जाऊन सांगते. आत्ता सांगते त्यांना," ती म्हणाली, आणि खरोखरच वळली.

"थांबा." आवाज चढला नव्हता, पण ती थांबली. "दादाला खोट्या घड्याळाची माफी मागता आली. तेवढीच त्याला झेपली. खऱ्याची मागायची म्हटली तर तो मरून जाईल हो. तुम्ही आज त्याचा चेहरा पाहिलात. मी त्याला असा पाहिला नव्हता, लहानपणीसुद्धा नाही."

"पण मग तुम्ही..."

"मी काय. मला आता माहीत आहे." त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "तुम्ही अहवाल लिहा. नीट लिहा, जे आहे ते. गुडघ्याचं सोनं, सगळं. आणि माझ्या नावाने पाठवा. वस्तू माझी आहे. दादाला सांगायचं की नाही, आणि कधी, ते मी बघतो."

"मला वरच सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "हवं होतं." रागाने नाही. तिच्या वाक्याला नुसती हवी ती मान्यता देत. "वर सांगितलं असतंत तर आम्ही दोघांनी मिळून ऐकलं असतं. काय झालं असतं ते झालं असतं. आता तुम्ही मला एकट्याला सांगितलंत. मी विचारलं हेही खरंच म्हणा." ते भिंतीवरून उठले, गुडघे झटकले. "तुम्हाला जरा बरं वाटलं का?"

वाटलं होतं. 'माझं चुकलं' म्हटल्याबरोबर छातीतून काहीतरी सुटलं होतं, आणि ते सुटून कुठे गेलं तेही समोर दिसत होतं. धाकटे थोडे वाकून उभे होते.

"असो," ते म्हणाले. बस कुठून मिळते त्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलं. मग वर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे. बराच वेळ. आणि मग बसच्या बाजूला न जाता ते फाटकातून परत आत शिरले आणि कठडा धरून जिना चढायला लागले. ती खालीच उभी राहिली. एक मजला. थांबले असावेत, दम घ्यायला. दुसरा मजला. आता ते दार वाजवतील, आणि थोरले उघडतील, आणि मग सगळं पुन्हा फुटेल. किंवा फुटणार नाही. दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. जिन्याच्या पोकळीतून आवाज खालपर्यंत स्वच्छ येत होते.

"काय रे छोट्या? काय विसरलास?"

मध्ये एक क्षण काहीच नव्हतं.

"काही नाही," धाकट्यांचा आवाज आला. "चहा उरलाय का थोडा, ते बघायला आलो."

दार लागलं. पहिल्या मजल्यावरचा रेडिओ तेवढा ऐकू येत राहिला. आता तिने जायला हरकत नव्हती. तिचं तिथे काही काम उरलं नव्हतं, आणि उरलेलं जे होतं ते दुसऱ्या कुणीतरी वर नेलं होतं. तरी ती भिंतीपाशी थांबली, वरून कुणी आपल्याला हाक मारेल असं वाटून. कुणी मारली नाही. मग ती निघाली.